भाकरी थापणाऱ्या मुलाचे चित्र

एस. वाय. बी. ए.

लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांवर कॉलेजच्या वार्षिकांकात लिहावे का, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे, की बाईने काय करावे आणि पुरुषाने काय करू नये, हे आपण कोणत्या ग्रंथातून शिकत नाही. ते पाटीपेन्सिलीच्या वयात चित्रे पाहून शिकतो. आई चुलीपाशी, बाबा खुर्चीत वर्तमानपत्र वाचताना. आमच्या घरी खुर्ची नव्हती, वर्तमानपत्रही नव्हते. तरी ते चित्र बरोबर आणि आमचे घर चुकीचे, असे मला वाटे.

कारण आई रोजगाराला जायची आणि भाकरी मी थापायचो. माणदेशात यात नवल ते काय? पाऊस नाही म्हणून कोणी ऊसतोडीला, कोणी मुंबईला. मागे राहील त्याने चूल पेटवायची. तरी शेजारी 'बायल्या' म्हणत. हाच हात हॉटेलात गेला की आचारी होतो, पगार घेतो. घरात मात्र बायकी ठरतो. हा न्याय मला उमगलेला नाही.

मराठीत चांगली चित्रपुस्तके नाहीत असे नाही. माधुरी पुरंदरे तर स्वतः लिहितात आणि स्वतः चित्रेही काढतात. पण आमच्यासारख्या घरात विकत घेतलेले पुस्तक येत नाही. येते ते फुकट मिळालेले पाठ्यपुस्तक. म्हणून २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आईबाबा दोघे मिळून भाजी निवडताना दिसले, याचे मोल मला अधिक वाटते. धाकट्या भावाच्या दप्तरातले ते पान आमच्या आप्पांनी पाहिले. "सरकारला आता ह्योच उद्योग राह्यलाय व्हय?" म्हणाले खरे, पण पान उलटायला त्यांना बराच वेळ लागला. आप्पांना अक्षर वाचता येत नाही, चित्र वाचता येते.

प्राध्यापक म्हणतील, अरे, मुलींचेच प्रश्न अजून सुटले नाहीत, मुलग्यांचे काय घेऊन बसलास? मान्य. पण आपल्याच तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावल्या, तेव्हा आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मुलीने धावावे हे आता निदान बोलायला तरी सर्वांना पटते. ती पहाटे सरावाला गेल्यावर घरची भाकरी कोण थापणार, हा हिशेब मात्र कोणी काढत नाही. तो आईच्याच माथी जातो.

१९३६ साली अमेरिकेत मुन्रो लीफ यांचे 'फर्डिनंड' हे चित्रपुस्तक निघाले. त्यातल्या बैलाला झुंज नको असते, झाडाखाली बसून फुलांचा वास घ्यायचा असतो. एवढ्याशा गोष्टीवर फ्रँकोच्या राजवटीत स्पेनमध्ये बंदी आली! खिल्लार बैलांच्या आपल्या मुलखात असा बैल कोणी काढला तर लोक हसतील. हसू देत. मुले पाहतील तरी.

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात अंगणवाडीच्या भिंती रंगवतात. फळे, पक्षी, झेंडा हे असतेच. यंदा परातीपुढे बसलेला एक मुलगा काढू या. पीठ भिजवायला किती पाणी लागते, ते मी चित्रकाराला सांगेन.