नव्या कपड्याचा हिशेब

रामदासपेठेत घरोघरी दिवाळीचे नवे कपडे आले असतील. त्यांवर ‘पर्यावरणस्नेही’ अशी चिठ्ठी असेल तर, वाचकहो, दुकानदाराला एकच विचारा: कापूस कोणाच्या शेतातला?

उत्तर मिळणार नाही. जिनिंगमध्ये दहा गावांचा कापूस एकत्र होतो. गाठ बांधली की शेतकऱ्याचे नाव पुसले जाते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल काढली, ती कापूस उशाशी होता म्हणून. आज ती गिरणी नाही. कापूस आहे, पण कारखानदाराची त्याच्या शेताशी ओळख उरलेली नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तो कापूस कोणाच्या सदऱ्यात गेला? सेबीने २०२२-२३ पासून शेअरबाजारातील पहिल्या हजार कंपन्यांना जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला, हे ठीकच. पण गिरणीच्या छपरावर सौर पॅनेल बसवून शेतातले विष धुतले जात नाही! धाग्याची लांबी तपासणाऱ्यांना तो पिकवणारा माणूस तेवढा दिसू नये? गाठीवर गावाचे नाव लिहा. फवारणाऱ्याच्या हातमोज्यांचा नि मुखपट्टीचा खर्च कापसाच्या भावात धरा. मग ती चिठ्ठी खुशाल लावा.