खोलीत कोण आहे?

नीटचा निकाल लागला की आमच्या अचलपुरात घरोघरी एकच विषय निघतो. सरकारी कॉलेजला नंबर लागत नाही, खासगीची फी झेपत नाही. मग किर्गिझस्तान, जॉर्जिया, रशिया अशी नावं कानावर येतात. अब्बा फीचे हप्ते विचारतात. अम्मी मात्र आम्हा शिक्षकांना एवढंच विचारते, "सर, खोलीत आपलीच मुलं आहेत ना?"

या प्रश्नात माया आहे. जेवण हलाल मिळेल का, नमाजला जागा असेल का, लेकरू तापानं फणफणलं तर पाणी कोण देईल, हे सगळं त्यात येतं. तरी 'आपलीच' या शब्दापाशी आम्ही थांबतो. समतेचा धडा आम्ही दरवर्षी शिकवतो. मुलं व्याख्या पाठ करतात, गुण मिळवतात आणि वही बंद करतात. खोलीत सगळी एकाच मोहल्ल्यातली असतील, तर ती वही उघडायची वेळ कधी येणार?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. एक-दोन जागा बदलून ते लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात राहायला आले. तिथे त्यांच्या खोलीतले सोबती होते नवल भथेना, पारशी घरचे. ही दोस्ती जन्मभर टिकली. 1920 साली अर्धवट राहिलेल्या शिक्षणासाठी बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा भथेनांनी पैसे उसने दिले. तिथला अभ्यासही एकट्याने करायचा नव्हता. 9 मे 1916 रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावल्यामुळे, आणि त्यासाठी सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह हे सगळं बाईच्या माथी मारलं गेलं, अशी त्यांची मांडणी होती. ज्यांनी जात कधी भोगली नाही त्यांना ती समजावून सांगायची, म्हणजे आधी आपल्यालाच ती नीट उलगडावी लागते. वर्गात आम्हालाही हा अनुभव येतो.

पुढची गोष्ट मुलांना सांगताना आमचा आवाज जड होतो. 1917 साली ते बडोद्याला नोकरीवर आले आणि राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी सराईत उतरले. अकराव्या दिवशी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन दारात उभे राहिले. गावात एक हिंदू मित्र होता, एक ख्रिस्ती मित्र होता. दोघांनीही घरच्यांची अडचण पुढे केली. परदेशात राहून आपण अस्पृश्य आहोत हेच विसरून गेलो होतो, असं बाबासाहेबांनी नंतर लिहिलं आहे. नवल भथेनाही पारशी आणि काठ्या घेऊन आलेलेही पारशी. तेव्हा अमुक कौम चांगली, तमुक वाईट, हा हिशेब इथे चालत नाही.

आपलाही चालत नाही. 1934 साली दौलताबादच्या किल्ल्यावर बाबासाहेब आणि त्यांचे साथी हौदाच्या पाण्याने हातपाय धुऊन पुढे गेले. तेव्हा 'यांनी पाणी बाटवलं' म्हणून मागून ओरडत आलेले लोक मुसलमान होते. महिना रमजानचा होता. हे आपल्या घरांत सहसा सांगितलं जात नाही. आम्ही सांगतो.

आमच्या वऱ्हाडातले पापळचे पंजाबराव देशमुख 1920 साली इंग्लंडला गेले. एडिंबरा आणि ऑक्सफर्डला शिकले, बॅरिस्टर झाले. परत आल्यावर 1927 साली अमरावतीला अंबादेवीचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून सत्याग्रहात पुढे राहिले. त्यांनी श्रद्धानंद छात्रालयही काढलं. तिथे निरनिराळ्या जातींची मुलं एकत्र राहत. पुढे हे दोघेही संविधान सभेत होते. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत धर्म किंवा जातीवरून कुणाला अडवता येणार नाही, असं आपल्या संविधानाचं कलम 15 सांगतं. बडोद्याची सराई माहीत असली की हे कलम नुसतं पाठांतराचं राहत नाही.

भाड्याच्या घराची गोष्ट मात्र अजून वेगळी आहे. आमची एक विद्यार्थिनी परदेशात डॉक्टर होऊन आली. इथल्या परीक्षेच्या तयारीसाठी तिथल्याच हॉस्टेलमधल्या चौघी मिळून मोठ्या शहरात फ्लॅट शोधत होत्या. एजंटने नावं विचारली आणि म्हणाला, तिघींचं जमेल, हिचं नाही. त्या तिघी बुलढाणा, नांदेड आणि बिहारच्या. पाच वर्षं एका चुलीवर जेवलेल्या, भांड्यांवरून भांडलेल्या, ईदला शेवया आणि दिवाळीला चकल्या वाटून खाल्लेल्या. "मग आम्हालाही नको," म्हणून त्या जिना उतरल्या. सतरा दिवस शोधलं तेव्हा घर मिळालं, तेही क्लासपासून लांब.

हे ऐकून तिची अम्मी त्या एजंटवर फार चिडली. चिडणारच. त्यांच्या स्वतःच्या घरी वरची खोली भाड्याने द्यायची आहे. दवाखान्यातली एक नर्सबाई विचारायला आली होती. नाव विचारलं, आडनाव विचारलं आणि "घरात विचारून सांगते" म्हणाल्या. लेकीने फोनवर अम्मीला एवढंच विचारलं, "त्या बाईंना काय सांगितलंस?"