शिवी परत, चूक जमा

परवा एका स्नेह्यांकडे जेवायला गेलो होतो. ते नुकतेच इगतपुरीहून दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर करून आले होते. वाढता वाढता वहिनी म्हणाल्या, "विजेचं बिल भरून जा म्हणून तीनदा सांगितलं होतं. शेवटी कनेक्शन तोडायला माणूस दारात आला." स्नेही मंद हसले. "तुझा राग मी घेतला नाही. तो तुझ्यापाशीच राहिला." वहिनी पळी पातेल्यात टाकून आत गेल्या.

स्नेह्यांचा आधार होता अक्कोस सुत्ताचा. नात्यागोत्यातला एक जण भिक्खू झाला म्हणून चिडलेला भारद्वाज ब्राह्मण राजगृहाच्या वेळुवनात येऊन बुद्धांना शिव्या देतो. बुद्ध विचारतात, पाहुण्यांपुढे वाढलेलं त्यांनी घेतलं नाही, तर ते कुणाचं? यजमानाचंच. तसंच तुझ्या शिव्यांचं.

यावरून अनेकांनी सिद्धान्त काढला आहे : टीका हे टीकाकाराच्याच मनाचं चित्र, तो 'जजमेंटल' आहे, आपण समतेत राहावं. यातलं अर्धं खरं आहे. समोरच्याचा संताप आपण अंगावर ओढून घेऊ नये, हे मान्य. उरलेलं अर्धं मात्र पळवाट आहे.

भारद्वाजानं काही चूक दाखवली नव्हती. बुद्धांनी परत केलं ते शिवी, संताप आणि भांडण. विजेचं बिल त्यात नव्हतं.

दीघनिकायातलं पहिलंच सुत्त, ब्रह्मजाल, तर या सिद्धान्ताच्या थेट उलट जातं. राजगृह ते नालंदा या वाटेवर सुप्पिय परिव्राजक बुद्धांची निंदा करत चालला आहे आणि त्याचाच शिष्य ब्रह्मदत्त स्तुती. भिक्खूंत कुजबुज होते. बुद्ध त्यांना विचारतात, निंदेनं तुम्ही चिडलात, तर ती माणसं खरं बोलताहेत की खोटं, हे तुम्हाला कळेल का? नाही, असं भिक्खू कबूल करतात. मग बुद्ध सांगतात, जे खोटं असेल ते खोटं का, हे उलगडून दाखवा. स्तुतीनं हुरळून जाणंही तितकंच वाईट. म्हणजे राग सोडायचा तो पारख शाबूत राहावी म्हणून. पारखच सोडून दिली, तर त्या शांतीचा उपयोग काय?

संघानं तरी काय केलं? भिक्खू पावसाळ्यातही हिंडतात, कोवळं गवत तुडवतात, बारीक जीव मारतात, अशी लोकांची कुरकुर होती. 'हे लोक जजमेंटल आहेत' असं बुद्ध म्हणाले नाहीत. त्यांनी वर्षावासाचा, म्हणजे पावसाळ्यात एका जागी राहण्याचा, नियम केला. आज आषाढी पौर्णिमेपासून आपल्या विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन चालतं, त्या वर्षावासाचं मूळ लोकांच्या टीकेत आहे. त्याचा शेवटही टीकेनंच होतो : पवारणेला प्रत्येक भिक्खू संघाला विनवतो की माझं काही चुकलेलं पाहिलं, ऐकलं किंवा नुसती शंका आली असेल, तर सांगा.

कुणी म्हणेल, मग ज्यानं त्यानं तोंडाला येईल ते बोलावं का? नाही. दोष दाखवणाऱ्यानं पाच गोष्टी पाळाव्यात, असं बुद्धांचे शिष्य सारिपुत्त सांगतात : वेळ पाहून, खरं, मृदू शब्दांत, हिताचं आणि मैत्रीच्या भावनेनं बोलावं. 'तू आहेसच बेजबाबदार' हा माणसावरचा निवाडा झाला. 'बिल राहिलं' ही कृतीची पारख. पण या पाचांची यादी ऐकणाऱ्यानं ढालीसारखी पुढे धरू नये. सारिपुत्तांनी त्याच्यासाठी वेगळ्या दोन गोष्टी सांगितल्या आहेत : सत्य आणि अक्रोध. चूक असेल तर 'आहे' म्हणावं, नसेल तर 'नाही' म्हणावं, आणि दोन्ही वेळा चिडू नये.

आमच्या स्नेह्यांनी दोहोंपैकी अक्रोध तेवढा उचलला. सत्य पातेल्यातल्या पळीपाशीच राहिलं. राग ज्याचा त्याला खुशाल परत द्यावा. बिल मात्र आपलं आपणच भरावं.