सायकलवरच्या सुइणी

बाळंतपणे, गोदी कामगारांच्या कोंदट चाळी, ननांचा मठ आणि सायकली. एवढ्याच भांडवलावर ‘कॉल द मिडवाइफ’ ही मालिका जानेवारी 2012 मध्ये बीबीसी वनवर सुरू झाली आणि पहिल्याच मोसमात तिचे प्रेक्षक कोटीच्या घरात गेले. त्यानंतर डझनाहून अधिक मोसम उलटले. नट-नट्या बदलल्या. जिच्या आठवणींवर सारी कथा बेतली ती तरुण सुईण जेनी तिसऱ्या मोसमाअखेर कथेतून निघूनही गेली. तरी रविवारी रात्री माणसे या मालिकेसाठी पडद्यासमोर बसतात, आणि नाताळच्या दिवशीचा तिचा खास भाग तर अनेक ब्रिटिश घरांत सणाचाच भाग झाला आहे. या जिव्हाळ्याला ‘स्मरणरंजन’ म्हणून हसण्यावारी नेणारे पुष्कळ आहेत. ते चुकतात. पाव शतकाहून जास्त काळ ब्रिटनमधली सरकारे ‘ओळखीची सुईण हवी’ या ज्या मागणीला ‘पुढे बघू’ म्हणत आली, तीच मागणी हे प्रेक्षक दर आठवड्याला करत असतात.

मालिकेचा जन्म एका तक्रारीतून झाला. टेरी कोट्स या सुइणीने 1998 मध्ये आपल्या व्यवसायाच्या नियतकालिकात लिहिले की, साहित्यात डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, जेम्स हेरियटच्या पुस्तकांमुळे गुरांचे डॉक्टरसुद्धा अमर झाले. सुइणी मात्र कुठेच नाहीत. कुणीतरी आमच्याबद्दल लिहा. जेनिफर वर्थ यांनी ते वाचले आणि लेखणी उचलली. पन्नासच्या दशकात पूर्व लंडनच्या पॉप्लर भागात, सेंट जॉन द डिव्हाइन या अँग्लिकन पंथाच्या ननांबरोबर त्यांनी सुईण म्हणून काम केले होते. पुढे ते सोडून त्या संगीताकडे वळल्या. त्यांचे पुस्तक 2002 मध्ये आले. मालिका पडद्यावर येण्याच्या काही महिने आधी, 2011 मध्ये, वर्थ गेल्या. ज्यांनी तक्रार केली होती त्या कोट्सबाई मात्र मालिकेच्या सल्लागार झाल्या. वेणा देणारी बाई कशी श्वास घेते, सुईण हात कुठे ठेवते, हे त्या नट्यांना शिकवतात. पडद्यावर दिसणारी कित्येक बाळे खरी, अवघ्या काही दिवसांची असतात. पटकथाकार हायडी थॉमस यांनी बाळंतपणाला कधी दाराआड ढकलले नाही. दूरचित्रवाणीवर तोवर बाळंतपण म्हणजे एक किंकाळी आणि मग धुऊनपुसून आणलेले गुटगुटीत मूल. इथे घाम आहे, रक्त आहे, वार पडायची वाट पाहणे आहे.

पहिल्याच भागातला एक प्रसंग सांगायलाच हवा. वर्थ यांच्या पुस्तकात तो आणखी सविस्तर आहे. कॉन्चिता ही स्पॅनिश बाई, नवरा इंग्रज. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही आणि पदरी चोवीस मुले. पंचविसाव्या खेपेला ती घसरून पडते, डोक्याला मार लागतो आणि दिवस भरण्याच्या खूप आधीच बाळ येते. सगळ्यांना वाटते मेलेलेच आहे. मग ते हालते. इस्पितळाची माणसे बाळाला न्यायला येतात. कॉन्चिता त्यांना हात लावू देत नाही. बाळाला उघड्या छातीशी घट्ट बांधून घेते आणि थेंब थेंब दूध पाजते. जेनी हादरून जाते, पण त्या आईच्या आड येत नाही. बाळ जगते. कातडीला कातडी लावून अपुऱ्या दिवसांच्या बाळांना वाढवायची ‘कांगारू’ पद्धत 1970 च्या दशकाअखेर कोलंबियात बोगोटाच्या डॉक्टरांनी रूढ केली, आणि आज आपल्याकडच्या नवजात विभागांतही ती शिकवली जाते. पॉप्लरच्या त्या खोलीत कुणाजवळ तिचे नाव नव्हते. एका तरुण सुइणीजवळ एवढाच समंजसपणा होता की ही बाई चोवीस मुलांची आई आहे, हिला काहीतरी कळत असेल. मला वाटते, प्रेक्षक या मालिकेच्या प्रेमात पडला तो इथे.

कारण पडद्यावर जे पुन्हा पुन्हा दिसते ते साधे आहे: तपासणीला जी बाई आली तीच रात्री दोन वाजता वेणा सुरू झाल्यावर येते, आणि पुढचा पंधरवडाभर बाळंतिणीच्या घरी येत राहते. तिला ठाऊक असते की नवरा गोदीवरून परतताना गुत्त्यात थांबतो, थोरल्या मुलीला खोकला आहे, जिना चढताना तिसरी पायरी मोडकी आहे. मालिकेतल्या ऐसपैस, उंचपुऱ्या आणि धांदरट चमी या सुइणीला सायकलसुद्धा येत नाही; ती पडत-धडपडत शिकते आणि पहिल्याच एकटीच्या बाळंतपणात समोर पायाळू मूल येते. ती घाबरते आणि निभावून नेते. मिरांडा हार्टने ही भूमिका अशी केली की लोकांनी चमीला आपल्या घरातलीच मानून टाकले.

आणि ही एकटी बाई खरे तर एकटी नसे. जुलै 1948 मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली होती. बाईला एक पेनीही मोजावी लागत नव्हती. मठात टेलिफोन होता, हाकेवर डॉक्टर होता, आणि घरी अडलेल्या बाईकडे रक्त आणि भूलतज्ज्ञ घेऊन धावणारे इस्पितळाचे तातडीचे पथक होते. सायकलच्या मागे अख्खे राज्य उभे होते. ते काढून घ्या, मग उरतो फक्त गरिबांचा भोळा धीर, आणि त्याच्या प्रेमात पडायचे काही कारण नाही.

मालिका जुना काळ साखरेत घोळवते हा आरोप मी बऱ्याचदा ऐकला आहे. भाग नीट पाहणाऱ्याने तो करू नये. पहिल्याच मोसमात एक आनंदी, नवी नवरी गर्भारपणातल्या झटक्यांनी मरते. चोरून केलेले गर्भपात, वर्कहाउस नावाच्या गरीबगृहांत मोडलेली माणसे, बालमृत्यू हे सगळे आहे. बाराव्या मोसमाची सुरुवात राजकारणी इनॉक पॉवेलच्या एप्रिल 1968 मधल्या वंशद्वेषी भाषणाने होते. त्या भाषणाच्या बाजूने लंडनचे गोदी कामगार खरोखर रस्त्यावर उतरले होते. म्हणजे ज्या वस्तीतली मुले जमैकाहून आलेल्या ल्युसिल या सुइणीने या जगात आणली, त्याच वस्तीत तिला परके ठरवले जाते. हे दाखवायला धीर लागतो, तोही रविवार रात्रीच्या कौटुंबिक मालिकेत.

सर्वांत धीराचे काम थॅलिडोमाइडचे. ब्रिटनमध्ये हे औषध ‘डिस्टाव्हल’ या नावाने 1958 पासून 1961 अखेरपर्यंत विकले गेले. मालिकेतला डॉ. टर्नर हा भला माणूस, वस्तीचा आधार. सकाळच्या मळमळीने हैराण झालेल्या बायकांना तो त्या गोळ्या लिहून देतो. मग 2016 च्या मोसमात ऱ्होडाला मूल होते. खोली एकाएकी गप्प होते. मुलीचे हातपाय अपुरे वाढलेले आहेत. आई विचारत राहते आणि कुणाला उत्तर सुचत नाही. पुढे औषध मागे घेतले जाते आणि हे आपल्याच सहीने झाले, हे डॉक्टरला उमगते. ऱ्होडाची सूझन नंतरच्या मोसमांत शाळेच्या वयाची होऊन परत येते, ठणठणीत आणि हट्टी. निव्वळ रंजन करायचे असते तर तिला विसरून जाणे सोपे होते.

आता कथा 1970 च्या पुढे आली आहे आणि इथे तिचा आणि इतिहासाचा सांधा जुळतो. वर्थ यांनी लिहून ठेवले आहे की पन्नासच्या दशकाअखेर त्यांच्याकडे महिन्याला ऐंशी ते शंभर बाळंतपणे असत. गर्भनिरोधक गोळी आल्यावर 1963 मध्ये ती चार-पाचावर आली. बायकांच्या हातात आपल्या शरीराची किल्ली आली, याचा आनंदच मानला पाहिजे. दुसरी गोष्ट मात्र वेगळी. 1970 मध्ये पील समितीने शंभर टक्के बाळंतपणे इस्पितळात करण्याची सोय असावी अशी शिफारस केली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंड-वेल्समध्ये तिसरा हिस्सा मुले घरी जन्मत होती. ऐंशीच्या दशकात ते प्रमाण शंभरात एकावर आले. ज्या ननांवर मालिका बेतली त्या 1976 मध्ये लंडन सोडून बर्मिंगहॅमला गेल्या. घर गेले ते गेले, त्याबरोबर ओळखीची बाईही गेली. ती जायलाच हवी होती असे कुणी सिद्ध केले नव्हते.

तिला परत आणायचा प्रयत्न झाला. बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीने 2016 मध्ये सांगितले की प्रत्येक गर्भार बाईला आपली सुईण माहीत असावी. चार ते सहा सुइणींचा छोटा गट करावा आणि तोच आधी, वेणांच्या वेळी आणि नंतरही सोबत राहावा. कागदावर पॉप्लर परत आले. पण पुरेशी माणसे वाढवली नाहीत. मार्च 2022 मध्ये डोना ओकेंडन यांचा श्रूझबरी आणि टेलफर्डच्या प्रसूतिसेवेवरचा अहवाल आला. त्यात म्हटले होते की नीट काळजी घेतली असती तर 201 बाळे आणि नऊ माता वाचू शकल्या असत्या. ओकेंडन स्वतः सुईण आहेत. त्यांनी बजावले की पुरेसे मनुष्यबळ आहे हे दाखवता येत नसेल तिथे ही योजना थांबवा. सप्टेंबरमध्ये इंग्लंडच्या आरोग्य सेवेने योजनेची मुदतच काढून टाकली.

हा अहवाल मालिकेच्या चाहत्यांनीही वाचावा. त्यात सिझेरियन टाळण्याच्या हट्टाची किंमत बाळांनी मोजल्याचे लिहिले आहे. नैसर्गिक बाळंतपणाचा सोस, जुने ते सोने ही समजूत, यांना इथे थारा देता येणार नाही. अडलेल्या बाईला वेळेवर शस्त्रक्रिया मिळालीच पाहिजे. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट पानोपानी आहे: बायका सांगत होत्या आणि कुणी ऐकत नव्हते. कॉन्चिताचे ऐकणारी जेनी लोकांना का आवडते, याचे उत्तर तिथे आहे. ओळखीची सुईण आणि सुसज्ज शस्त्रक्रियागृह यांपैकी एकच निवडा असे बाईला सांगणारी व्यवस्था मुळात पैसे वाचवत असते. पॉप्लरमध्ये 1957 साली, युद्धातून नुकत्याच सावरलेल्या देशाने, त्या काळाच्या ऐपतीनुसार दोन्ही दिले होते.

हाच प्रश्न आता आपल्यापुढेही आहे. महाराष्ट्रात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जवळपास 95 टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. हे फार मोठे यश आहे आणि त्यामागे गावोगावच्या आशाताई आणि परिचारिका आहेत. केंद्र सरकारने 2018 मध्ये प्रशिक्षित सुइणींचा नवा वर्ग उभारायचे ठरवले: परिचारिकांना दीड वर्षाचे जादा शिक्षण देऊन साधी बाळंतपणे त्यांच्याच अधिकारात सोपवायची. धोरण चांगले आहे. या बाईला नेमणुकीच्या कागदावर तो अधिकार मिळणार, की डॉक्टरांच्या हाताखाली तीन खाटांमध्ये धावणारी आणखी एक सिस्टर एवढेच तिचे काम राहणार, हे राज्याच्या आरोग्य खात्याने आत्ताच, भरतीच्या वेळी, लेखी सांगावे.