रिकाम्या टाकीशी खेळ नको

सातारा-सांगलीकडच्या बऱ्याच घरांत गोठ्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडखाली एखादी जुनी स्टेशन वॅगन नाहीतर लांब बॉडीची जीप अजून उभी असते. आजोबांनी किंवा वडिलांनी घेतलेली. आठवड्याचा बाजार, रात्रीअपरात्री दवाखाना, जोतिबाची यात्रा सगळे तिच्यावरच झालेले. तिच्या इंजिनाचे काम जाणणारे मिस्त्री अजून भेटतात. गाडी अडते ती टाकीपाशी. मूळ टाकी बाजारात मिळणे अवघड, आणि असलेली खालून चाळणी झालेली.

गाडी अर्ध्या टाकीवर महिनोन् महिने उभी राहिली की हे होते. रात्री पत्रा गार पडला की आतल्या हवेतला ओलावा त्यावर धरतो. ते पाणी इंधनापेक्षा जड असल्याने तळाशी बसते आणि तिथूनच पत्रा खायला लागते. स्टेशन वॅगनची टाकी मागच्या फळीखाली, चाकांच्या माऱ्यात असते. पाटण-जावळीकडच्या पावसात टाकीच्या पट्ट्यांमागे चिखल दडून राहतो आणि बाहेरूनही गंज धरतो. पट्ट्या सैल करून तेथला चिखल वर्षातून एकदा धुऊन काढावा.

पेट्रोलच्या गाडीत आणखी एक गोष्ट आली आहे, आणि ती आपल्याच शिवारातून आली आहे. उसापासून आणि मक्या-तांदळापासून केलेले इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळतात. वीस टक्के मिश्रणाची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ती देशभर पसरली. इथेनॉल पाणी ओढते. थोडे पाणी त्यात सामावते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून तळाशी वेगळे बसतात. जुन्या टाकीच्या पत्र्यावर आतून शिसे-कथलाचा मुलामा असे, त्याला हा थर सोसत नाही. वर्षानुवर्षांची राळही सुटून फिल्टरमध्ये येते. उसाला गिऱ्हाईक मिळाले याचा आनंद आहेच, पण उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीत पेट्रोल साठवून ठेवू नये, आणि रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घालाव्यात.

आता मुख्य गोष्ट. टाकी गळायला लागली की वाटेत साबणाची वडी चोळून घरी यावे, हा ड्रायव्हर लोकांचा जुना उपाय खरा आहे. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. पण तो घरी पोचण्यापुरता. दुसऱ्या दिवशी टाकी उतरवायची, पेट्रोल ओतून टाकायचे आणि चौकातल्या वेल्डिंगवाल्याकडे न्यायची, इथेच घात होतो. लोकांना वाटते, रिकामी आहे, आता काय पेटणार? पेट्रोलची वाफ हवेत शेकडा दीड ते साडेसात या प्रमाणात असली की एक ठिणगी पुरते. भरलेल्या टाकीत वाफ फार दाट असते. रिकाम्या टाकीतच हे प्रमाण जुळून येते, आणि बंद पत्र्यात ती पेटली की टाकी बॉम्बसारखी फुटते. वास येत नाही म्हणजे वाफ नाही, असेही समजू नये. सांध्यांत आणि गंजाच्या खपल्यांखाली मुरलेले पेट्रोल पत्रा तापला की पुन्हा बाहेर येते. डिझेलची टाकीही निर्धोक नाही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या डिझेलची वाफ पेट घेण्याची किमान मर्यादा ३५ अंश सेल्सिअस ठरवलेली आहे. जत-आटपाडीच्या उन्हात पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो, मग गॅसच्या ज्योतीचे काय सांगावे!

म्हणून आधी बॅटरीची तार सोडावी. इंधन उघड्यावर, चुलीपासून आणि विडीपासून लांब काढावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीसरशी पसरत जाते. मग गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून टाकी तीन-चार वेळा खळखळून धुवावी. डाग देताना टाकी पाण्याने भरावी, भोक तेवढे वर ठेवावे आणि तोंड उघडे असावे, म्हणजे आत वाफेला जागाच उरत नाही. तापवलेल्या डागणीने कथलाचा डाग द्यावा. बारीक भोकाला तो पुरतो. पत्राच पातळ झाला असेल, बोटाने दाबून आत जात असेल, तर डागावर डाग देत बसण्यात अर्थ नाही. आतून लावायचे लेपही मिळतात, पण गंज पुरता न काढता लावले की पापुद्रे सुटतात आणि नळी तुंबते.

नवी टाकी पत्राकाम करणारे कारागीर बांधून देतात. कुपवाड-मिरज, सातारा, कराडच्या औद्योगिक वसाहतींत चौकशी करावी. तिथे दोन-तीन गोष्टी आपणच बोलून घ्यायच्या. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा नको. पुष्कळ जीपगाड्यांत पुढे डिझेल इंजिन बसवले गेले. जस्त डिझेलमध्ये हळूहळू उतरते आणि इंजेक्टर बिघडवते. स्टेनलेस स्टीलची टाकी महाग पडते, पण मी तिलाच मत देईन. पेट्रोलची टाकी डिझेलला वापरायची असेल तर परतीच्या नळीची वेगळी जागा ठेवावी लागते. इंधन बदलल्याची नोंद आरसी पुस्तकात हवी. आत आडवे पत्रे जरूर घालायला सांगावेत. ते नसले की पसरणीच्या नाहीतर कुंभार्लीच्या वळणावर इंधन एका बाजूला जाते आणि चढात गाडी बंद पडते.

टाकीच्या झाकणातले हवेचे बारीक भोक मोकळे आहे ना, तेही पाहावे. ते बुजले की आत पोकळी होऊन इंजिन भुकेने मरते आणि मिस्त्री उगीच पंप बदलत बसतो. तपासणीला सायकलचा पंप पुरे. दोन-तीन दाब देऊन सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. कॉम्प्रेसरची हवा सोडली तर टाकी फुगते. बुडबुडे नसले की पाच लिटर इंधन घालून, खाली कोरडा कागद पसरून टाकी रात्रभर तशीच ठेवावी, मगच गाडीला बसवावी.