वणव्याचा खटला

फाल्गुन-चैत्रात डोंगर पेटू लागले, की आपल्याकडे दोन पक्ष तावातावाने भांडू लागतात. एक म्हणतो, जाळल्याशिवाय पुढच्या पावसाळ्यात गवत जोमाने येत नाही. दुसरा म्हणतो, आग आणि गुरे हीच रानाची वैरी. माळाला कुंपण घाला, झाडे लावा, की काम झाले! आवाज दोघांचाही मोठा. पण माळावर किती जातींच्या वनस्पती उरल्या, हे मोजण्याची तसदी कोण घेतो?

ती तसदी अमेरिकेत घेतली गेली. कॅन्सस राज्यातील कोंझा हे गवताळ रान १९७१ पासून अभ्यासासाठी राखलेले आहे. त्याचे भाग पाडून काही दरवर्षी, काही दोन वा चार वर्षांनी, तर काही वीस वर्षांनी एकदाच जाळतात. दरवर्षी जळणाऱ्या भागांत उंच गवताच्या दोन-चार जातीच माजल्या. फुलणाऱ्या लहान वनस्पती मागे हटल्या. पहिल्या पक्षाला गवत मिळाले खरे, पण बाकीचे गणगोत गेले! जिथे आग क्वचित लावली, तिथे झुडपांनी गवताची जागा बळकावली. दुसरा पक्षही तोंडघशी पडला.

मग १९८७ साली तिथे बायसन, म्हणजे तिकडचे रानबैल, पुन्हा सोडले. ते मुख्यतः माजलेले गवतच खातात, त्यामुळे लहान रोपांना ऊन मिळते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला हिशेब सांगतो, की बायसनांच्या चराईने वनस्पतींचे वैविध्य दुप्पट झाले आणि चार दशकांतल्या सर्वांत कडक दुष्काळानंतरही टिकले. पाळीव गुरांनीही ते वाढवले, पण कमी.

आपला माळ म्हणजे कॅन्सस नव्हे. तिथले आकडे इथे चिकटवू नयेत. हे वाचून कोणी काडीपेटी घेऊन डोंगरावर निघू नये, आणि गुरांनी मुळापर्यंत ओरबाडलेल्या टेकडीला चराईचा आदर्शही म्हणू नये. पण आग किती वर्षांनी, गुरे किती आणि कोणत्या हंगामात, हे न विचारता दिलेला निकाल अडाणीपणाचाच!

त्याहून मोठा अन्याय म्हणजे माळाला ‘पडीक’ म्हणून त्यावर खड्डे खणणे. माळ म्हणजे उजाड झालेले जंगल, ही समजूतच मुळात खोटी. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली जुने मराठी वाङ्मय तपासून दाखवले, की पश्चिम महाराष्ट्रात साडेसातशे वर्षांपूर्वीही माळरानेच होती. अशा जुन्या गवताला उन्हाची गरज असते. झाडांची दाट सावली त्याचा जीव घेते. आणि एकदा मोडलेल्या माळाला आपले सारे वैविध्य परत मिळवायला शतकेही पुरत नाहीत.

तेव्हा रोपे वाटणाऱ्या पुढाऱ्यांनो, आधी धनगराला आणि वनस्पतिशास्त्रज्ञाला एकत्र बसवा, माळावरच्या जाती मोजा, मग काय जाळायचे, काय चारायचे, काय राखायचे ते ठरवा. तोवर कुदळ आणि काडीपेटी, दोन्ही घरी ठेवा.