खांबापासून घरापर्यंतचा पैसा कोणाचा?

यवतमाळला जा, परभणीला जा, बीडला जा. कोरडवाहू गावाच्या वेशीबाहेर गायरानावर किंवा ई-क्लासच्या जागेवर घरकुलांची एक रांग उभी दिसते. भिंतीवर योजनेचे नाव रंगवलेले असते. विजेचा शेवटचा खांब तिथून दोन-तीनशे फूट अलीकडेच थांबलेला, आणि नळाचा पाइप जुन्या गावठाणाच्या शेवटच्या गल्लीत. कागदोपत्री घर पूर्ण आहे. शेवटचा हप्ता उभ्या घराचा फोटो पाहून निघतो आणि दिवा लागला की नाही, ते त्या फोटोत दिसत नाही.

या घराला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये द्यायचे, हे ठरले २०१६ साली. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ४,१६० रुपये होता. म्हणजे घराची किंमत २९ क्विंटल कापूस. २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये. त्याच १ लाख २० हजारांत आता १५ क्विंटलही बसत नाहीत. (हमीभावाने कोणाचा किती कापूस गेला हा वेगळा विषय; इथे तो फक्त मापासाठी घेतला आहे.) शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीची नव्वदेक दिवसांची मजुरी त्यात मिळवली, तरी सिमेंट, सळई, वाळूतच सगळे संपते. २०२५ मध्ये राज्य सरकारने ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलसाठी राखले. पॅनेलच्या केंद्राच्या अनुदानाला आधी वीजजोडणी लागते. जिथे खांबच नाही तिथे ही भर कशी पोचायची, हे सांगायला कोणी पुढे आलेले नाही.

वीज-पाण्याचा पैसा न धरता मंजूर केलेले घर म्हणजे धूळपेरणी. पाऊस आला तर उगवेल. फरक एवढाच की धूळपेरणीत बियाणे आपले जाते आणि निर्णयही आपला असतो.

घरकुलाच्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की वीज-पाणी इतर योजनांशी सांगड घालून द्यावे. सांगड कोणाशी घालायची? 'सौभाग्य' योजना सप्टेंबर २०१७ मध्ये आली. गरिबाला जोडणी फुकट, इतरांना ५०० रुपयांत, तेही दहा हप्त्यांत. ३१ मार्च २०२२ ला ती बंद झाली. घरकुले मात्र चालूच राहिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये एकट्या महाराष्ट्रात २० लाख मंजुरीपत्रे वाटली गेली. जलजीवन मिशन २०१९ चे. २०२४ पर्यंत घरोघरी नळ देणार होते, मुदत २०२८ वर गेली. नळयोजनेचे अंदाजपत्रक झाल्यानंतर जी वस्ती उभी राहिली, ती त्या अंदाजपत्रकात कुठून येणार?

वीज कायदा २००३ चे कलम ४३ सांगते की मालकाने किंवा नुसत्या राहणाऱ्यानेही अर्ज केला, तर वीज द्यावीच लागते. तारा वाढवायच्या नसतील तर महिनाभरात. पण जोडणीचा वाजवी खर्च मागण्याची मुभा कलम ४६ देते. घोडे अडते ते इथेच. घर बांधून जो आधीच उधारीत आहे, त्याच्या हातात खर्चाचा कागद पडतो. मग आकडा टाकला जातो.

त्या आकड्याखाली काय असते ते पाहा. घर २५ चौरस मीटरचे, म्हणजे २७० चौरस फुटांचे. भाव वाढेल या आशेने कापूस त्याच घरात कोपऱ्यापासून छतापर्यंत भरलेला. वरून उघडी, सांधे मारलेली तार. ठिणगी पडायला किती वेळ लागतो? वर्षाचे पीक आणि घर एकाच रात्री जाते, आणि चोरीची वीज म्हणून भरपाईलाही तोंड उरत नाही.

आमचे काही भाऊ म्हणतात, घरकुल मजुराचे, शेतकऱ्याने त्यात का पडावे? तीन एकर हलक्या जमिनीचा धनी अर्धे वर्ष दुसऱ्याच्या बांधावर मजुरीलाच असतो. २०२४ मध्ये सुधारलेल्या निकषांत पाच एकरांच्या आतली कोरडवाहू जमीन आड येत नाही. यादीतली नावे आपलीच आहेत.

पैसा नाही, असे सरपंच सांगतात. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे २९ विषय आहेत; ग्रामीण घरे, पिण्याचे पाणी, ग्रामीण विद्युतीकरण हे तिन्ही त्यात येतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी देशातल्या ग्रामीण पंचायतींना २ लाख ३६ हजार कोटींवर रक्कम ठरवली. त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले, ४० टक्के या २९ विषयांत ग्रामसभा ठरवील तसे. बांधलेल्या पैशातून नळ वस्तीपर्यंत नेता येत होता, मोकळ्यातून खांब आणि मीटर. शिवाय पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के आणि जिल्हा परिषदेच्या सेसमधले २० टक्के मागासवर्गीयांसाठी राखलेले असतात. आम्ही पाहिलेल्या गावांत मोकळा पैसा गेला पेव्हर ब्लॉकमध्ये. त्यात मोजमाप सोपे असते आणि टक्केवारीही.

जिल्हा परिषदेकडे बोट दाखवावे, तर २०२२ पासून वर्षानुवर्षे बहुतेक जिल्हा परिषदांत प्रशासक बसलेले. प्रशासकाला मत मागायला यायचे नसते.

एक आक्षेप मात्र खरा आहे. पुढचे बिल कोण भरणार? थकबाकीपायी गावाच्या नळयोजनेच्या पंपाची वीज तुटते, हे कोणी सांगायला नको. आमचे मत साफ आहे: बिल आणि पाणीपट्टी ज्याची त्याने भरावी. जोडणीचा एकदाचा खर्च पंचायतीने करावा, आणि तो घर मंजूर होतानाच विकास आराखड्यात धरावा, घर उभे राहिल्यावर नव्हे. मीटर आला की आकडा जातो, गळती घटते. यात वीज कंपनीचाही तोटा नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने एक कागद आणावा. २०१६ पासून पूर्ण झालेली घरकुले किती, मीटर किती घरांत, नळ किती घरांत, आणि शेवटच्या खांबापासून वस्ती किती फुटांवर. अर्ज केलेले असतील तर पोचपावतीच्या प्रतीही जोडा. अंतर टेपने मोजा, पावलांनी नको. कार्यालयात पावलांचा हिशेब कोणी धरत नाही.